संवर्धन-स्थितीचा शिक्का कसा वाचावा: मॉरिशसच्या गुलाबी कबुतराच्या निमित्ताने

पक्ष्यांवरच्या मराठी लेखांमध्ये ‘दुर्मीळ’, ‘संकटग्रस्त’ आणि ‘नामशेष होण्याच्या मार्गावर’ हे शब्द बहुधा एकमेकांच्या जागी वापरले जातात. वास्तविक आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, म्हणजे आययूसीएनच्या, रेड लिस्टमधील (कोणत्या जातीला नामशेष होण्याचा किती धोका आहे हे सांगणाऱ्या यादीतील) प्रत्येक श्रेणीमागे ठरलेले आकडे असतात, आणि ते कसे वाचायचे हे कळले की एका शब्दाच्या शिक्क्यातून पक्ष्याची बरीचशी हकिगत उलगडते. उदाहरणासाठी मी मॉरिशसचे गुलाबी कबूतर निवडले आहे. डोके, मान आणि पोट फिकट गुलाबी, पंख तपकिरी, शेपटी तांबूस आणि चोच मुळाशी लाल असलेला हा रानपक्षी मॉरिशसखेरीज जगात अन्यत्र कोठेही रानात आढळत नाही.

आरंभी श्रेण्यांची उतरंड लक्षात घ्यावी. नामशेष आणि रानातून नामशेष या दोन श्रेण्यांच्या खाली अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त आणि असुरक्षित या तीन श्रेण्या येतात. केवळ या तिघींनाच धोक्यातील श्रेण्या म्हणतात. त्यानंतर संकटसमीप आणि किमान चिंतेची श्रेणी येते. ज्या जातीबद्दल पुरेशी माहितीच नाही तिला ‘अपुरी माहिती’ असा वेगळा शेरा मिळतो. त्याचा अर्थ ती सुरक्षित आहे असा घेऊ नये. पक्ष्यांचे मूल्यांकन बर्डलाइफ इंटरनॅशनल ही संस्था करते, त्यामुळे मूळ नोंद तिच्या किंवा रेड लिस्टच्या संकेतस्थळावर पाहावी. वर्तमानपत्रातील बातमीवरून श्रेणी उचलण्याचा मोह टाळावा, कारण बातमी जुनी झालेली असते आणि श्रेणी मधल्या काळात बदललेली असते.

यानंतर श्रेणीशेजारचे वर्ष आणि त्याआधीच्या वर्षांतील श्रेण्या पाहाव्यात. गुलाबी कबूतर २००० सालापर्यंत अतिसंकटग्रस्त होते, त्या वर्षी ते संकटग्रस्त ठरले आणि २०१८ मध्ये असुरक्षित या श्रेणीत आले. ‘असुरक्षित’ हा शब्द कानाला कितीही वाईट वाटला, तरी या पक्ष्याच्या बाबतीत ती दोन पायऱ्यांची सुधारणा आहे. उलट एखादा पक्षी संकटसमीप श्रेणीतून घसरून असुरक्षित झाला असेल, तर त्याच शब्दाचा अर्थ अगदी वेगळा होतो. म्हणून एकट्या श्रेणीवर मत बनवू नये.

श्रेणीसोबत ए ते ई यांपैकी एखादे रोमन अक्षर छापलेले असते, आणि माझ्या मते सगळ्या नोंदीत सर्वांत बोलके तेच असते. ए म्हणजे संख्येतील वेगवान घट. ही घट दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ अधिक असेल त्यात, मोजतात. बी म्हणजे लहान आणि आक्रसत जाणारा किंवा तुकड्या-तुकड्यांत विखुरलेला प्रदेश. सी म्हणजे कमी आणि आणखी घटत असलेली संख्या. डी म्हणजे घट असो वा नसो, मुळातच फार कमी संख्या: प्रौढ पक्षी ५० च्या आत असतील तर अतिसंकटग्रस्त, २५० च्या आत असतील तर संकटग्रस्त आणि १,००० च्या आत असतील तर असुरक्षित. ई म्हणजे गणिती प्रारूपावरून काढलेली नामशेष होण्याची शक्यता. जातीला पाचही निकष लावून पाहतात आणि त्यांतून जी सर्वांत गंभीर श्रेणी निघते ती कायम होते.

आता हे आकडे आपल्या कबुतराला लावून पाहावेत. १९९० च्या सुमारास रानात दहाएक पक्षी उरले होते. म्हणजे संख्या ५० च्या मर्यादेच्या कितीतरी खाली होती. १९७० च्या दशकात सुरू झालेले बंदिस्त प्रजनन, त्यातून १९८७ पासून ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या डोंगराळ भागात सोडलेले पक्षी, आणि उंदीर, मांजरे व मुंगसे यांचा बंदोबस्त यांमुळे १९९० च्या दशकाअखेरीस संख्या तीनशेच्या पुढे गेली. तरीही असुरक्षित श्रेणी मिळायला २०१८ उजाडले. यात विसंगती दिसली तर दोन नियम आठवावेत. संख्येची मर्यादा ओलांडली तरी इतर निकष जातीला वरच धरून ठेवू शकतात. आणि वरच्या श्रेणीचा कोणताही निकष सलग पाच वर्षे लागू पडला नाही, तरच जातीला खालच्या श्रेणीत आणतात. धोका वाढल्यास मात्र अशी वाट पाहिली जात नाही.

संख्या वाचताना नेमके कोणाला मोजले आहे तेही तपासावे. मोजणी प्रौढ, म्हणजे प्रजननक्षम, पक्ष्यांची असते; पिल्ले आणि पिंजऱ्यातील पक्षी तिच्यात येत नाहीत, आणि रानात सोडलेला पक्षीसुद्धा त्याने तेथे जगू शकणारी पिल्ले वाढवल्यावरच हिशेबात धरला जातो. गुलाबी कबुतरांच्या पायांत रंगीत कडी घातलेली असतात. त्यांच्यासाठी रानात खाद्य ठेवलेल्या मचाणावर पक्षी उतरला की निरीक्षक कड्यांचा क्रम टिपतो आणि तो पक्षी नेमका कोणता हे सांगू शकतो, त्यामुळे येथील आकडे अंदाजापेक्षा हजेरीपटाच्या जवळ जाणारे आहेत. बहुतेक रानपक्ष्यांच्या वाट्याला इतकी चोख गणना येत नाही.

याच मचाणामुळे वाचकाने पुढचा प्रश्न विचारायला हवा: ही संख्या कोणाच्या आधारावर उभी आहे? मॉरिशसमध्ये चांगल्या अवस्थेतील मूळ जंगल दोन टक्क्यांच्याही आत उरले आहे. बाहेरून आणलेला लाल चिनी पेरू या जंगलात इतका माजला आहे की देशी झाडांची रोपे त्याच्या दाटीत वरच येत नाहीत. हिवाळ्यात हेच आंबटगोड पेरू तोडायला लोक हौसेने रानात जातात, ही त्यातली गंमत. खाद्य पुरवावे लागते, माकडे आणि उंदीर अंडी पळवतात, आणि ट्रायकोमोनास या परजीवीमुळे होणारा घशाचा रोग पिल्लांचा बळी घेतो. आईबाप आपल्या अन्ननलिकेतील ‘दूध’ पिल्लांना भरवतात, त्यातूनच तो पसरतो. संवर्धनावर अवलंबून असलेल्या जातींसाठी रेड लिस्टमध्ये पूर्वी एक स्वतंत्र उपश्रेणी होती. २००१ च्या नियमावलीत ती काढून टाकली गेली. त्यामुळे हे परावलंबन आता श्रेणीत दिसत नाही. ते नोंदीतील ‘धोके’ आणि ‘संवर्धनाचे उपाय’ या परिच्छेदांत शोधावे लागते. मी तर नोंद उघडल्यावर आधी हेच दोन परिच्छेद वाचतो.

तेथेच ठिकाणांची संख्याही पाहावी. गुलाबी कबुतरांचा एक गट इल ओझेग्रेत या जेमतेम २६ हेक्टरांच्या बेटावर राहतो. २५ जुलै २०२० रोजी वाकाशियो हे जहाज त्याच किनाऱ्याजवळच्या प्रवाळावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातून तेल गळू लागले. डी निकषाचा दुसरा भाग अशा प्रसंगांसाठीच आहे: जात पाच किंवा त्याहून कमी ठिकाणी असेल आणि एकाच आपत्तीने तिचा घात होण्याची शक्यता असेल, तर डोकी कितीही असोत, तिला असुरक्षित ठरवता येते.

आकडा वाढला म्हणून जनुकीय विविधता परत येत नाही, हीही खूणगाठ बांधावी. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पक्ष्याच्या जनुकसंचाच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की प्राणिसंग्रहालयांतील पक्ष्यांकडून नवे रक्त मिळाले नाही, तर ही जात ५० ते १०० वर्षांत रानातून नाहीशी होण्याची शक्यता मोठी आहे.

शेवटची दक्षता कायद्याविषयी. रेड लिस्ट म्हणजे कायदा नव्हे. आपल्या अंदमान-निकोबारपासून सॉलोमन बेटांपर्यंत पसरलेले निकोबारी कबूतर रेड लिस्टवर केवळ संकटसमीप आहे, परंतु भारतात ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आणि संकटातील प्राणी-वनस्पतींच्या जागतिक व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. लिहिताना तिन्ही गोष्टी वेगळ्या सांगाव्यात.

इतके पाहून झाल्यावर ‘दुर्मीळ गुलाबी कबूतर’ असे न लिहिता पुढीलप्रमाणे लिहिता येते: ‘रेड लिस्टच्या २०१८ च्या मूल्यांकनानुसार असुरक्षित, पूर्वी अतिसंकटग्रस्त, रानातील संख्या काही शेकड्यांत, आणि तीही पुरवलेल्या खाद्यावर व शिकारी प्राण्यांच्या बंदोबस्तावर अवलंबून.’