बैलाडिल्याच्या डोंगरात संसार हलवायचा असेल तर

खाणीतल्या नोकरीचं किंवा बदलीचं पत्र हातात पडलं की घरात पहिला प्रश्न निघतो, "ट्रक कुणाला सांगायचा?" मी म्हणेन, ट्रकचा विचार सगळ्यात शेवटी करा. डोंगरातल्या खाण-वसाहतीत जायचं असेल तर सामान जिथं उतरणार आहे त्या दारापासून सुरुवात करायची आणि एकेक टप्पा मागं येत आपल्या घरापर्यंत पोचायचं. नागपूरहून छत्तीसगडमधल्या बचेलीला आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा नेमकं उलटं केलं. जूनच्या शेवटी ट्रक भरला आणि क्वार्टरची नीट चौकशी वाटेत केली. केशकालच्या घाटात गाडी रात्रभर अडकली, ताडपत्रीतून पाणी झिरपून गाद्या भिजल्या, आणि पोचलो तर क्वार्टरमध्ये आधीचं कुटुंब अजून राहत होतं. आठ दिवस सगळा संसार एका शेडमध्ये पडून होता. खाली लिहिलंय ते त्या फेरीत आणि त्यानंतरच्या दोन फेऱ्यांत शिकलेलं आहे.

आधी जागा समजून घ्या

बैलाडिला म्हणजे बैलाचं वशिंड. दंतेवाडा जिल्ह्यातली ही डोंगररांग दुरून खरंच तशी दिसते. नंदीराज हे तिचं सर्वांत उंच शिखर, १२७६ मीटर. लोहखनिजाच्या या खाणी एनएमडीसी ही सरकारी खाण कंपनी चालवते. किरंदूलकडची चौदा नंबरची खाण १९६८ मध्ये सुरू झाली, बचेलीकडची पाच नंबरची १९७७ मध्ये. तिथं सगळे 'डिपॉझिट चौदा', 'डिपॉझिट पाच' असंच म्हणतात, हे शब्द कानाला लावून घ्या. बचेली आणि किरंदूल या दोन वसाहती पायथ्याशी आहेत आणि त्यांच्यामध्ये साधारण १२ किलोमीटरचं अंतर आहे. बचेलीच्या वर डोंगरमाथ्यावर आकाशनगर आहे.

हे सांगण्याचं कारण असं की 'बैलाडिला' एवढ्या पत्त्यावर सामान पोचत नाही. वसाहत कुठली, क्वार्टर कुठल्या टाईपचं, तळमजला की वरचा, गाडी दारापर्यंत येते का, हे सगळं लेखी किंवा फोटोसकट मागवून घ्या. आमच्या दुसऱ्या फेरीला ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं दारापासून रस्त्यापर्यंतचा छोटा व्हिडिओ काढून पाठवला होता. त्यावरून कळलं की आमचं मोठं लाकडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकणार. ते आम्ही नागपुरातच विकलं.

खालच्या बाजूचं घर मिळत असेल तर पावसाचं पाणी कुठून वाहतं हेही विचारा. जुलै २०२४ मध्ये किरंदूलमध्ये डोंगरावरून लोहखनिजाचा लाल गाळ घेऊन आलेलं पाणी वस्तीत शिरलं होतं.

क्वार्टरचा ताबा आणि तारीख

ताबा मिळाल्याचा कागद हाती येईपर्यंत ट्रकला आगाऊ रक्कम देऊ नका. या एका नियमानं अर्धी डोकेदुखी वाचते. घरातल्या एकानं आधी जावं, गेस्ट हाऊसमध्ये दोन-चार दिवस काढावेत आणि ताबा घेताना पंखे, नळ, दिव्याची बटणं, खिडक्यांच्या जाळ्या एकेक तपासून यादीवर लिहून घ्यावं. क्वार्टर सोडताना हीच यादी पुढ्यात येते. जाळी फाटकी असेल तर ती सामान यायच्या आधीच दुरुस्त करून घ्या. ती का, ते पुढे सांगते.

तारीख निवडताना जून ते सप्टेंबर सरळ खोडून टाका. या डोंगरांत पाऊस धो-धो पडतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मुलांच्या शाळेमुळे एप्रिल-मे गाठावा लागला तरी चालेल, पण मेचा शेवट नको.

मुलगा किंवा मुलगी नववीत गेली असेल तर मात्र फार विचार करा. सीबीएसईची नोंदणी नववीत होते, आणि दहावी-बारावीत थेट प्रवेशाला मंडळाची परवानगी लागते. अशा वेळी एक वर्ष घर दोन ठिकाणी चालवलेलं परवडतं. राज्य बदलतंय म्हणून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊन ठेवा. बचेलीत बसून ती मिळवणं म्हणजे नागपूरला एक खेप. तिकडे मराठी विषय नसतो, त्यामुळे लहान मुलांची मराठी पुस्तकं रद्दीत घालू नका. सामानात तेवढी जागा काढा.

रस्ता

नागपूरहून सामानाच्या गाडीनं रायपूरमार्गेच जावं, असं माझं ठाम मत आहे. नागपूर ते रायपूर जवळपास २९० किलोमीटर, तिथून धमतरी, कांकेर, केशकाल, कोंडागाव करत जगदलपूर सुमारे ३००, आणि पुढे गीदम, दंतेवाडा, बचेली असे आणखी ११०-१२०. नकाशावर सिरोंचा, भोपालपट्टणम, बिजापूर, गीदम हा रस्ताही दिसतो आणि तो मोह पडतो. रिकाम्या जीपला ठीक आहे, पण भरलेल्या ट्रकचा टायर फुटला किंवा काही बिघडलं तर मदत रायपूरच्या रस्त्यावरच लवकर मिळते.

कांकेर आणि कोंडागावच्या मधला केशकालचा घाट हा या प्रवासातला खरा कस आहे. वळणं तीव्र, चढ सलग, आणि एक अवजड गाडी बंद पडली की मागे रांग लागते. घाटात तेलीन मातेचं मंदिर आहे, ड्रायव्हर तिथं थांबून हात जोडतात. त्यांना घाई करू नका, इंजिनही तेवढ्यात थंड होतं. गाडी रायपूरहून पहाटे सुटली की घाट दिवसाउजेडी पार होतो. जगदलपूरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी पुढं निघायचं. जगदलपूरच्या पुढचा टप्पा रात्री करायचा नाही, ही इथली जुनी रीत आहे. नक्षली हिंसाचाराच्या वर्षांनी ती घातली. निघायच्या दिवशी रस्त्याची परिस्थिती स्थानिक माणसालाच विचारा.

कुटुंबाला रेल्वेनं जायचं असेल तर विशाखापट्टणमहून किरंदूलला गाडी आहे. ती अरकू, कोरापुट, जगदलपूर करत येते. जपानला लोहखनिज पाठवता यावं म्हणून १९६० च्या दशकात हा कोत्तवलसा–किरंदूल मार्ग घातला गेला. बोगद्यांमागून बोगदे आणि खाली दऱ्या, मुलांना फार आवडतं. पावसाळ्यात रुळांवर दरड येते, आणि कधी कधी गाडी दंतेवाड्यालाच थांबवतात. त्यामुळे शेवटच्या टप्प्यासाठी एका जीपवाल्याचा फोन नंबर जवळ असू द्या.

ट्रक ठरवताना

आता ट्रक. इथं एकच गोष्ट सगळ्यात जास्त नुकसान करते: वाटेत गाडी बदलणं. स्वस्त भाडं सांगणारे बहुतेक जण तुमचं सामान दुसऱ्या कुणाच्या सामानासोबत भरतात, रायपूर किंवा जगदलपूरच्या गोदामात उतरवतात आणि पुढं दुसऱ्या गाडीत टाकतात. प्रत्येक चढाई-उतराईत काहीतरी फुटतं, आणि नेमकं कुणाच्या हातून ते कुणीच सांगत नाही. म्हणून पूर्ण गाडी घ्या आणि बिल्टीवर, म्हणजे ट्रकवाल्याच्या माल-पावतीवर, स्पष्ट लिहून घ्या: दारापासून दारापर्यंत, वाटेत गाडी बदलणार नाही, क्वार्टर नंबर अमुक. दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं सामान १४ फुटी गाडीत बसतं. मोठा कंटेनर घेऊ नका, वसाहतीतल्या गल्ल्यांत तो वळत नाही.

भाडं ठरवताना उतराईचे हमाल कोण देणार हे विचारायचं राहून जातं. खाणीच्या गावात शिफ्टच्या वेळेला माणसं मिळत नाहीत. वसाहतीतल्या कुणाकरवी आदल्या दिवशीच चार जण सांगून ठेवा.

घरातल्या वापरलेल्या सामानाला ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटीचा कागद) लागत नाही. तरीही खोक्यांची क्रमवार यादी, 'हे माझं घरगुती वापरलेलं सामान आहे' असं सहीचं पत्र आणि बदलीच्या आदेशाची प्रत ड्रायव्हरकडे द्या. नाक्यावर तो बिचारा एकटा असतो. प्रवासाचा विमा घ्या आणि त्यात पाण्यानं होणारं नुकसान धरलंय का ते वाचून बघा.

काय न्यायचं, काय नाही

खाणीच्या गावात दोन गोष्टी सामानाच्या मागे लागतात, लाल धूळ आणि ओल. लोहखनिजाची बारीक भुकटी पडद्यांत, कूलरच्या जाळीत, कपड्यांच्या शिवणीत बसते आणि पांढऱ्या कापडावरून शेवटपर्यंत जात नाही. पांढऱ्या चादरी माहेरी ठेवा, गडद रंगाच्या न्या. भुशाच्या फळ्यांचं फर्निचर तर अजिबात नेऊ नका, पहिल्या पावसाळ्यातच ते फुगतं. लोखंडी कपाट चांगलं, पण त्याच्या पायाखाली विटा किंवा रबराचे तुकडे द्या, नाहीतर तळ गंजतो. घराची कागदपत्रं, मुलांचे दाखले, जुने फोटो प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात घाला. हा डबा ट्रकमध्ये ठेवायचा नाही, तो आपल्यासोबत.

घाटाच्या वळणांवर गाडीतलं सामान मागे-पुढे कमी आणि बाजूंना जास्त सरकतं. म्हणून दोर आडवे बांधून घ्या. जड सामान खाली आणि केबिनच्या बाजूला, फ्रिज उभाच. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करा, आणि पोचल्यावर काही तास तसाच उभा ठेवून मग चालू करा. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचा ड्रम अडकवायचे बोल्ट पहिल्या दिवशी काढून कुठंतरी ठेवलेले असतात, ते शोधा. ते नसतील तर घाटात मशीनचं आतलं काम बिघडतं. इन्व्हर्टरची बॅटरी आडवी ठेवू देऊ नका, ॲसिड सांडतं.

गॅसचं सिलिंडर गाडीत घालायचं नाही, भरलेलं तर मुळीच नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून अनामत परत घ्या आणि टर्मिनेशन व्हाउचर घ्या. त्यावर तिकडे नवी जोडणी मिळते. ती मिळेपर्यंत इंडक्शनची शेगडी कामाला येते.

तिकडचं जेवण भाताचं. ज्वारीचं पीठ सहज मिळेलच असं नाही, म्हणून दोन महिन्यांची ज्वारी आणि घरचे मसाले पत्र्याच्या डब्यात न्या. भाजीची काळजी नको, आठवडी हाटात आसपासच्या गावांतून आलेल्या बाया रानभाज्या घेऊन बसतात. मोबाईलचं मात्र आधी विचारा. तुमच्या घरात कुठल्या कंपनीचं नेटवर्क येतं हे शेजारचं घरच सांगू शकतं.

गाडी आणि तब्येत

स्वतःची मोटार किंवा स्कूटर १२ महिन्यांपेक्षा जास्त तिकडं राहणार असेल तर नोंदणी छत्तीसगडला न्यावी लागते. त्यासाठी इथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र निघायच्या आधीच घ्या. कर्ज असेल तर बँकेचंही लागतं. तिकडचा कर भरल्यावर महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पावत्या जपा. सरकारी उपक्रमातल्या नोकरदारांना बीएच (भारत) मालिकेचा नंबर मिळतो, तो राज्य बदललं तरी बदलावा लागत नाही. वारंवार बदली होणार असेल तर तोच घ्या.

तब्येतीबद्दल मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते मलेरियाविषयी. बस्तर हा मलेरियाचा मुलूख आहे. २०२० पासून तिथं सरकारनं घरोघरी तपासणीची 'मलेरियामुक्त बस्तर' मोहीम चालवली, त्यावरून ओळखा. मच्छरदाणी, तिच्या दोऱ्या आणि खिळे पहिल्या रात्रीच्या पिशवीत असले पाहिजेत. खिडक्यांच्या जाळ्या आधी दुरुस्त करा म्हटलं ते यासाठीच. ताप आला तर घरच्या गोळीवर एक दिवसही काढू नका, त्याच दिवशी रक्त तपासा. बचेलीत एनएमडीसीचं अपोलो सेंट्रल हॉस्पिटल आहे. मोठ्या आजाराला जगदलपूरचं वैद्यकीय महाविद्यालय, नाहीतर रायपूर. रक्तदाब-मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या तीन महिन्यांच्या न्या.

पोचल्यावर

पहिल्या रात्रीची पिशवी वेगळी: मच्छरदाणी, टॉर्च, दोन कुलपं, पक्कड, इंडक्शन, एक कुकर, चहा-साखर, चादरी, औषधं. ती आपल्या हातात असू द्या. ट्रक उशिरा आला तरी रात्र निघते.

सामान उतरताना घरातला एक जण दारात यादी घेऊन उभा राहावा आणि खोक्यांचे नंबर खोडत जावा. काही फुटलेलं, भिजलेलं दिसलं तर फोटो काढा आणि बिल्टीवर सही करण्याआधी तिच्यावरच लिहा. सही झाल्यावर विमावाले ऐकत नाहीत. आमच्या भिजलेल्या गाद्यांचा एक रुपयाही मिळाला नाही, कारण मी दमून कोरी सही करून टाकली होती.

पहिल्या आठवड्यात गॅस, मतदारयादीसाठी आठ नंबरचा फॉर्म, आधारचा पत्ता आणि मुलांची शाळा एवढं उरकून घ्या. हिंदीनं सगळं भागतं. आसपासच्या गावांत गोंडी बोलतात. जगदलपूरच्या बाजारात हलबी ही बोली कानावर पडेल तेव्हा मात्र थांबून ऐका. आपल्या चा-ची-चेच्या जागी तिथं 'चो' येतो, आणि अर्धं वाक्य ओळखीचं वाटतं. नागपूरकर भोसल्यांची सत्ता एके काळी बस्तरपर्यंत होती.

आणि खोकी फेकू नका. फ्रिजचं, टीव्हीचं आणि मिक्सरचं खोकं दुमडून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाका, वॉशिंग मशीनचे बोल्ट त्याच गठ्ठ्यात बांधा, आणि गठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. बदलीचं पुढचं पत्र कदाचित पावसाळ्यातच येईल, आणि तेव्हा बचेलीच्या दुकानांत कोरडं खोकं शोधून सापडत नाही.