पत्ते नंतर, आधी पाढे

कॅसिनोत डीलर व्हायचंय असं कुणी म्हटलं की मी विचारतो, ३५ चा पाढा येतो का? समोरचा हसतो. मीही हसलो होतो.

प्रशिक्षणात सुरुवातीला पत्ते हाती आलेच नाहीत. आधी रुलेट, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकावर चेंडू सोडायचा खेळ. आकड्यावर थेट लावलेल्या चिपला (पैशांऐवजी वापरायच्या चकतीला) ३५ पट, दोन आकड्यांमधल्या रेघेवरच्या चिपला १७ पट, चार आकड्यांच्या कोपऱ्यावर ८ पट. लागलेल्या आकड्यावर एकाच्याच तीन चिपा, रेघांवर दोन, कोपऱ्यावर एक: १०५, ३४ आणि ८, म्हणजे १४७. शेजारी कुणी आरडाओरडा करत असतानाही हे चटकन जमलं पाहिजे. सरावाने चिपांची ठेवण बघूनच उत्तर सुचायला लागतं.

कॅसिनोचं पोट कशावर भरतं, तेही याच पाढ्यात आहे. युरोपीय चाकावर शून्य धरून ३७ घरं. प्रत्येक घरावर एकेक चिप ठेवून बघा. लागलेल्या घराच्या ३५ आणि मूळची एक, अशा ३६ परत येतात, एक टेबलाकडे राहते. झाले २.७ टक्के. अमेरिकी चाकावर दुहेरी शून्याचं घर जास्तीचं, तिथे दोन राहतात: ५.२६ टक्के.

म्हणून 'आपण कॅसिनोला जिंकून द्यायचं' हे डोक्यातून काढून टाका. ब्लॅकजॅक या २१ च्या बेरजेच्या पत्त्यांच्या खेळात तर डीलरला स्वतःची मर्जीच नसते. बेरीज १६ होईपर्यंत पत्ता घ्यायचा, १७ झाले की थांबायचं. (एक्का ११ धरून झालेल्या १७ चा नियम टेबलावरच छापलेला असतो.) कुणी मोठी रक्कम जिंकला म्हणून पिट बॉस, म्हणजे टेबलांवर देखरेख करणारा वरिष्ठ, घाबरत नाही, टेबल रेंगाळलं की मात्र अस्वस्थ होतो. मी पहिली बोलणी खाल्ली ती संथपणाबद्दल.

टेबल सोडताना टाळी वाजवून दोन्ही तळवे उलटसुलट कॅमेऱ्याला दाखवायचे. मी एकदा घरी जेवून उठतानाही तसं केलं.

संध्याकाळ मजेत घालवायला आलेले लोक नाटकाच्या तिकिटासारखे पैसे मोजतात, त्यांच्याशी गप्पा मारायला मला आवडतं. गेलेले पैसे भरून काढायला परतलेला माणूस वेगळा, तो मान वर करत नाही. त्याला आपण सल्ला द्यायचा नसतो, वरिष्ठांच्या कानावर घालायचं.

काळा पाच-सहा वेळा लागला की कुणीतरी विचारतंच, "आता लाल येणार ना?" १९१३ साली मॉन्टे कार्लोत काळा सलग २६ वेळा लागला होता आणि लालवर लावणारे धुऊन निघाले होते. हे सगळं मला माहीत असतं. मी "नो मोअर बेट्स" म्हणतो आणि चेंडूकडे बघतो.