चित्र फुटतंय? प्रोजेक्टरचा दोष पडद्यावरून ओळखा

"मॅडम, चित्र फुटतंय. दिवा बदलून बघू का?" शाळांकडून येणारा हा प्रश्न ठरलेला. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि मिरज-तासगाव भागातल्या शाळांनी लोकवर्गणीतून घेतलेले प्रोजेक्टर कुरकुरायला लागले की बघायला जाते. माझं उत्तरही ठरलेलं: दिव्याला हात लावू नका, आधी चित्र नीट बघा. दिवा जुना झाला की उजेड उतरतो, अक्षरं फुटत नाहीत. प्रकाश यंत्रात ज्या वाटेने येतो, त्या वाटेवरच्या प्रत्येक भागाच्या दोषाची खूण पडद्यावर वेगळी उमटते. ती वाचता आली तर लोकांनी दहा-दहा, वीस-वीस रुपये जमवून दिलेले पैसे भलत्याच सुट्या भागावर जात नाहीत.

आधी ही वाट समजून घ्या. शाळांत मुख्यतः दोन जातींची यंत्रं दिसतात. पहिल्या जातीत दिव्याचा पांढरा प्रकाश बारीक भिंगांच्या दोन जाळ्यांतून जाऊन सारखा पसरतो. पुढे डायक्रोइक आरसे असतात. ते एक रंग परतवतात आणि बाकीचे पलीकडे सोडतात. असे लाल, हिरवा, निळा वेगळे झाले की प्रत्येक रंग आपापल्या छोट्या एलसीडी पॅनेलमधून जातो, तिथे प्रकाश कमीजास्त अडवून त्या रंगाचं चित्र घडतं. तिन्ही चित्रं काचेच्या चार लोलकांचा चिकटवलेला जो ठोकळा असतो, त्यात एकत्र येतात. हिरवा सरळ जातो, लाल आणि निळा आतल्या तिरक्या थरांवरून वळतात, आणि मग सगळं मिळून भिंगातून बाहेर पडतं. एप्सनने तीन पॅनेलचा आपला पहिला प्रोजेक्टर १९८९ मध्ये आणला, आणि आजही वाट साधारण तीच आहे.

दुसरी जात डीएलपी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये शोधलेल्या चिपवर प्रत्येक पिक्सेलला, म्हणजे चित्राच्या एकेका ठिपक्याला, एक हलता आरसा असतो. १०२४ × ७६८ च्या यंत्रात असे ७,८६,४३२ आरसे. चिप एकच, म्हणून समोर रंगांचं चाक फिरतं आणि तिन्ही रंग एकामागून एक पडद्यावर येतात. डोळा ते एकत्र करतो. पटकन मान वळवली की पांढऱ्या अक्षरांभोवती काहींना इंद्रधनुष्य चमकल्यासारखं दिसतं ते यामुळे. तो बिघाड नव्हे.

आता तपासणी. यंत्र चालू करून वीस-तीस मिनिटं तापू द्या. स्वस्त यंत्रांच्या भिंगात प्लॅस्टिक असतं, तापलं की फोकस सरकतो. मग कीस्टोन शून्यावर आणा, हे सगळ्यात महत्त्वाचं. कीस्टोन म्हणजे तिरकं पडलेलं चित्र चौकोनी दिसावं म्हणून पॅनेलवरचे काही पिक्सेल काळे ठेवायचे आणि उरलेल्यांत चित्र दाटीने बसवायचं. एका पिक्सेलची रेघ मग दोन पिक्सेलांत फिकट होऊन वाटली जाते. इंग्रजी ठळक अक्षर यातून तगतं. आपल्या जोडाक्षरांचं मात्र वाटोळं होतं: 'शुद्ध'मधला 'द्ध' आणि 'विद्वान'मधला 'द्व' मागच्या बाकावरून सारखेच दिसतात. त्यापेक्षा टेबल सरकवा, यंत्राखाली पाट ठेवा, पण भिंग पडद्यासमोर सरळ आणा. चित्राची डावी आणि उजवी उंची टेपने मोजा. दोन्ही सारख्या आल्या की यंत्र आडव्या दिशेने सरळ आहे. लॅपटॉपचं रिझोल्यूशनही (आडवे-उभे किती पिक्सेल, तो आकडा) यंत्राच्या मूळ आकड्याइतकंच ठेवा, नाहीतर हीच दाटी पुन्हा होते.

लॅपटॉपवरच्या पेंटमध्ये तेवढ्याच पिक्सेलांचं काळं चित्र करा आणि शंभर-शंभर पिक्सेलवर एक पिक्सेल जाडीच्या पांढऱ्या उभ्या-आडव्या रेघा ओढा. पूर्ण पडदाभर, शंभर टक्के आकारात दाखवा. खोलीत अंधार करा, पडद्यापासून हातभर अंतरावर उभे राहा आणि एकेक रेघ बघा.

रेघांना रंगीत कड दिसली तर घाई करू नका, ती कड चित्रभर कशी बदलते ते बघा. मध्यभागी, चारही कोपऱ्यांत, सगळीकडे कड एकाच बाजूला आणि तेवढीच जाड असेल, तर तीन पॅनेलपैकी एक सरकलेलं आहे. मध्यभागी रेघ स्वच्छ आणि कडेकडे जाताना एका अंगाला लाल, दुसऱ्या अंगाला निळी झालर वाढत गेली, तर दोष भिंगाचा. भिंग लाल आणि निळ्या चित्राचा आकार किंचित वेगळा करतं, म्हणून भिंगाच्या अक्षापासून, म्हणजे त्याच्या मधोमध जाणाऱ्या सरळ रेषेपासून, दूर गेलं की फरक वाढतो. इथे एक बारकावा आहे. टेबलावर ठेवायच्या बऱ्याच डीएलपी यंत्रांत भिंगाचा अक्ष चित्राच्या खालच्या कडेजवळ असतो, म्हणून झालर खाली कमी आणि वरच्या कोपऱ्यांत जास्त दिसते. शिवाय त्यात चिप एकच असल्याने पॅनेल सरकण्याचा प्रश्नच नाही. स्थिर रेघेला कड आहे म्हणजे ती भिंगाचीच. झूम बदलला की भिंगाची झालर बहुधा कमीजास्त होते. झूम हलवून आणि यंत्र पुढेमागे करून सगळ्यात स्वच्छ जागा शोधा, त्याला खर्च नाही.

एका शाळेत महाराष्ट्राचा नकाशा लावला तर कृष्णा आणि वारणा दुहेरी वाहताना दिसत होत्या. रेघांच्या चित्रात आडव्या रेघा चोख होत्या आणि प्रत्येक उभ्या रेघेच्या डावीकडे लाल कड होती, कोपऱ्यातही तेवढीच. म्हणजे लाल पॅनेल आडवं सरकलेलं. त्या यंत्राच्या मेनूत पॅनेल अलाइनमेंट होतं. लाल एक पिक्सेल उजवीकडे घेतला आणि नद्या एकेरी झाल्या. पॅनेल लोलकाला चिकटवलेली असतात, ती हाताने हलत नाहीत. मेनूत सोय असेल तेवढीच दुरुस्ती. पाव-अर्ध्या पिक्सेलची कड नव्या यंत्रातही असू शकते. पहिल्या बाकावरून दिसत नसेल तर तिच्या मागे लागू नका.

एकच बाजू धूसर असेल तर आधी उंची पुन्हा मोजा. दोन्ही उंच्या सारख्या असूनही धूसरपणा राहिला, तर भिंग आत तिरकं बसलंय. यंत्र पडल्यावर असं होतं.

पुढे सपाट रंग दाखवा: पांढरा, काळा, मग लाल, हिरवा, निळा. तीन पॅनेलच्या यंत्रात पांढऱ्यावर राणी कलरचा ठिपका म्हणजे तिथे हिरवा अडतोय, धूळ हिरव्या पॅनेलवर. पिवळा ठिपका म्हणजे निळ्यावर, आकाशी म्हणजे लालावर. मोठा पिवळा डाग पसरला असेल तर निळा प्रकाश तिथे पोचत नाही. काळ्यावर निळा डाग दिसत असेल तर निळा गळतोय. निळ्या वाटेवरची ध्रुवीकरणाची पट्टी (पॅनेलजवळची, एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणारी पातळ पट्टी) आणि पॅनेल आधी थकतात, कारण कमी तरंगलांबीचा, जास्त ऊर्जेचा प्रकाश त्यांनाच सोसावा लागतो. हवेची जाळी धुळीने तुंबलेली असेल तर हे लवकर होतं. दर महिन्याला जाळी साफ करा. उसाच्या गाड्यांच्या रस्त्यावरच्या शाळेत पंधरा दिवसांनी. भिंगाच्या बाहेरच्या काचेवरची धूळ मात्र ठिपका म्हणून कधीच दिसत नाही, ती फोकसमध्ये येत नाही. ती काळ्याला राखाडी करते. पावसाळ्यात भिंगावर बुरशी आली तरी तेच.

रंग फिके वाटतात ही तक्रार वेगळी. पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश ४३६ (निळा), ५४६ (हिरवा) आणि ५७८ (पिवळा) नॅनोमीटर तरंगलांबीला उसळलेला असतो आणि लालात तोकडा. ५७८ ची पिवळी रेषा हिरव्यात शिरली की हिरवा पोपटी होतो, लालात शिरली की लाल शेंदरी. यंत्राच्या मेनूतल्या डायनॅमिक मोडमध्ये हिरवा मोकळा सोडतात, म्हणून चित्र उजळ पण माणसांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे. सिनेमा मोडमध्ये हिरवा-निळा खाली ओढून लालाशी जमवतात, उजेड घटतो, रंग खरे येतात. शरीरशास्त्राची आकृती किंवा जास्वंदीचं फूल दाखवताना मी सिनेमा मोडच लावायला सांगते. डीएलपीच्या चाकात पारदर्शक पाकळी असेल तर पांढरा जोरात आणि रंग मंद असतात. हे मोजता येतं: लक्समीटर (पडणारा उजेड लक्समध्ये मोजणारं यंत्र) पडद्यावर धरून काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे आकडे घ्या आणि प्रत्येकातून काळ्याचा वजा करा. लाल-हिरवा-निळ्याची बेरीज पांढऱ्याच्या आसपास आली पाहिजे. खूपच कमी आली तर खोक्यावरचा ल्युमेनचा (यंत्रातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो त्याचा) आकडा रंगीत चित्राच्या कामाचा नाही.

आणि खोली. शंभर इंची पडदा २.२१ × १.२५ मीटर, म्हणजे सुमारे २.७५ चौरस मीटर. ३,००० ल्युमेन त्यावर पसरले की साधारण १,०९० लक्स. ट्यूबलाइटचे १०० लक्स पडद्यावर पडत असतील तर पांढऱ्या-काळ्याचं प्रमाण कसंबसं १२ ला १ उरतं. तेच ५ लक्सवर आणलं तर दोनशेच्या पुढे जातं. डिजिटल चित्रपटगृहात पडद्याची उजळी ४८ कँडेला प्रति चौरस मीटर धरतात. साध्या पांढऱ्या पडद्यावर त्याला १५० लक्स लागतात, म्हणजे आपल्या पडद्यासाठी जेमतेम ४१५ ल्युमेन. चार हजार ल्युमेनचं नवं यंत्र मागण्याआधी पडद्यावरची ट्यूब बंद करा आणि खिडक्यांना जाड पडदे शिवून घ्या. भिंत पिवळट असेल तर एक पट्टा मॅट पांढरा रंगवा; पिवळी भिंत निळा गिळते आणि दोष यंत्राच्या माथी येतो.

एवढं करूनही दुकानात जावंच लागलं, तर रेघांच्या चित्राचे मधोमध आणि चार कोपऱ्यांचे जवळून फोटो घ्या, पांढऱ्या आणि काळ्या पडद्याचे दोन घ्या. मेकॅनिकला आधी फोटो दाखवा आणि कोणता भाग बदलणार ते कोटेशनमध्ये लिहून मागा. पट्टी, जाळी, भिंग यांचा खर्च बहुधा झेपतो. लोलक-पॅनेलचा अख्खा ठोकळा बदला म्हणाले तर त्याच कागदावर नव्या यंत्राची किंमत लिहून घ्या आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे दोन्ही आकडे ठेवा.