पणजोबा बसऱ्याला गेले होते ना? मग नेटवर शोधायचं कुठे आणि कसं

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे, या पट्ट्यात कुठल्याही जुन्या घरात विचारा, कोणाचे तरी पणजोबा नाहीतर खापरपणजोबा पहिल्या महायुद्धात "बसऱ्याला", म्हणजे इराकमधल्या बसरा शहराकडे लढायला, गेलेले असतात. पुढे काही विचारलं की गप्प. एखादं मेडल असतं पेटीत, आणि काही गावांत चावडीला किंवा देवळाच्या भिंतीला संगमरवरी पाटी असते, १९१४ ते १९१९ च्या लढाईत या गावातून इतके गेले, त्यातले इतके कामी आले. आकडा आहे, नाव एकाचंही नाही. नावं आहेत, पण ती लंडनच्या आणि दिल्लीच्या कागदांत आहेत, त्यातलं बरंचसं आता फुकट नेटवर आलंय, फक्त ते कुठल्यातरी कारकुनाच्या स्पेलिंगमध्ये आहे आणि तिथेच आपली गाडी अडते. म्हणून हे सगळं लिहितोय. उदाहरण पहिल्या महायुद्धातल्या मराठा पलटणींचं आणि मेसोपोटेमियाचं, म्हणजे आजच्या इराकचं घेतलंय.

कॉम्प्युटर उघडायच्या आधी पेटी उघडा. गोल मेडल असेल तर त्याची कड, म्हणजे नाण्याला असते तशी धार, भिंगातून बघा, तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. चांदणीसारखा ब्राँझचा स्टार असेल तर मजकूर मागच्या बाजूला. स्टारवर १९१४-१५ असेल तर माणूस १९१५ संपायच्या आत लढाईच्या मुलखात पोचला होता हे नक्की, म्हणजे तुमचा शोध तिथेच निम्मा झाला. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं असतं पण ते ब्राँझचं निघालं तर बहुतेक लेबर कोअर, म्हणजे मजुरांच्या तुकड्या, वगैरेत गेलेला माणूस, मग पलटणींच्या याद्या चाळत बसू नका. आणि हाताच्या पंजाएवढी मोठी ब्राँझची तबकडी असेल, ब्रिटानिया म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली देवी आणि सिंह असलेली, तर माणूस परत आला नाही, ती वारसांना मिळायची. तिच्यावर फक्त नाव असतं, हुद्दा नंबर काही नाही. मेडल घासूनपुसून चकचकीत करू नका हां, कोरलेली अक्षरं आधीच पुसट असतात.

आता पलटण. त्या वेळी मराठ्यांच्या मुख्य पलटणी म्हणजे १०३, १०५ आणि ११० मराठा लाइट इन्फंट्री, आणि ११४, ११६, ११७ मराठा. १९२२ ला या सगळ्या मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली, तीच आजची बेळगावची मराठा लाइट इन्फंट्री. पण इंग्रजीत सर्च करताना आपण आज लिहितो तसं मराठा लिहिलं तर जुन्या कागदांतलं फारसं काही सापडणार नाही, तेव्हा स्पेलिंग होतं एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए, मध्ये एच आणि शेवटी डबल टी. हे एक स्पेलिंग बदललं की रिझल्टचा ढीग पडतो. शिवाय सगळे मराठी लोक मराठा पलटणीतच होते असं धरून चालू नका, खडकीचे बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स म्हणजे इंजिनिअरिंगचं काम करणारे सैनिक होते, रस्ते-खंदक बांधणारे १०७ पायोनियर्स होते, १९१७ ला उभी राहिलेली १११ महार होती, खेचरवाले होते, आणि कोकणातले नि गोव्यातले खलाशी तर वेगळेच.

जिल्हा पण तेव्हाचा लागतो. सिंधुदुर्ग १९८१ चा, त्यामुळे कणकवली-मालवण-देवगडचा माणूस रत्नागिरीत शोधा, सावंतवाडी तर संस्थान होतं. रायगडचा माणूस कुलाब्यात. सांगली जिल्हा नव्हताच, वाळवा-तासगाव-खानापूरवाले सगळे साताऱ्यात. हे माहीत नसल्यामुळे लोक "आमच्या गावचं कोणीच नाही" म्हणून सोडून देतात.

मग पहिली साइट उघडायची ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची, सीडब्ल्यूजीसी. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या जवळपास १७ लाख लोकांचा डेटाबेस आहे, फुकट, लॉगिन नको. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ मधले मृत्यू धरलेत, म्हणजे युद्ध संपल्यावर दोन वर्षांनी आजारपणात गेलेला शिपाईसुद्धा यात असू शकतो. पण लक्षात ठेवा, ही मेलेल्यांची यादी आहे, पणजोबा परत येऊन शेती करून म्हातारे होऊन गेले असतील तर इथे नाव असणारच नाही, त्यांच्यासाठी पुढे सांगतो.

आडनाव टाकून साधा सर्च करण्यात मजा नाही. अ‍ॅडव्हान्स्ड सर्च उघडा, युद्ध पहिलं निवडा, सेवा भारतीय सैन्य निवडा, आणि आडनावाची जागा चक्क रिकामी सोडा. त्याऐवजी अ‍ॅडिशनल इन्फर्मेशनच्या रकान्यात जिल्ह्याचं नाव टाका, सातारा म्हणा. तिथे बऱ्याच शिपायांच्या पुढे बापाचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं, अमक्याचा मुलगा, राहणार तमकं, सातारा, बॉम्बे, असं. लिस्ट लांब आली तर पलटणीचं नाव टाकून बारीक करा, नाहीतर सरळ डाउनलोड करून एक्सेलमध्ये गावाप्रमाणे सॉर्ट करा, मला तर हेच सगळ्यात बरं वाटतं कारण आपली नजर जे पकडते ते सर्चचं यंत्र पकडत नाही. पवारचा पोवार झालेला असतो, सावंतच्या मध्ये डब्ल्यू ऐवजी व्ही, शिंदेमधला एच गायब, जाधवच्या शेवटी व्ही ऐवजी ओ. गावांचं तर विचारूच नका. मोठ्याने वाचून बघा, साहेबाच्या तोंडून ऐकल्यासारखं, मग ओळखू येतं. आडनावाच्या रकान्यात नुसतं पहिलं नाव पडलेलं असतं तेही बघून ठेवा, भिकू, रामा, धोंडी असे लोक आडनावाशिवायच गेलेत कागदावर.

नाव सापडलं की त्या पानावर खाली मूळ रजिस्टरचे स्कॅन असतात, ते आवर्जून उघडा. तारीख नीट बघा. समजा माणूस ११० मराठाचा आहे आणि मृत्यू मे १९१६ नंतरचा आहे. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी जनरल टाउनशेंडच्या सहाव्या म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये होत्या, डिसेंबर १९१५ पासून इराकमधल्या कुत-अल-अमाराला तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथे शरणागती झाली. म्हणजे तो कैदेत गेला असण्याची शक्यता बरीच आहे, तुर्कांनी कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं आणि रेल्वेच्या कामाला जुंपलं, त्यात खूप माणसं गेली. शक्यता म्हणतोय, खात्री नाही, कारण त्याच नंबरच्या पलटणीत नंतर भरती होऊन गेलेलेही असतात.

बसरा मेमोरियल असं लिहून आलं तर त्याचा अर्थ समजून घ्या. ज्यांची कबर किंवा दहनाची जागा माहीत नाही अशा ४०,६०० हून जास्त लोकांचं ते स्मारक, १९२९ ला उघडलं. भिंतीवर ब्रिटिश शिपायाचं नाव कोरलं, भारतीयांपैकी अधिकाऱ्यांची नावं कोरली, आणि साध्या शिपायांचं काय, तर पलटणीचं नाव आणि खाली "आणि इतर इतके भारतीय सैनिक". गावच्या पाटीवर आकडा आणि बसऱ्याच्या भिंतीवरही आकडाच. नावं छापील रजिस्टरात होती, तीच आता डेटाबेसमध्ये दिसतात. १९९७ ला सद्दाम हुसेनच्या सरकारने ते अख्खं स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर नेलं, त्यामुळे जुने फोटो आणि नवे फोटो जुळत नाहीत. फ्रान्समध्ये नव्ह शापेलला मात्र भारतीयांचं वेगळं स्मारक आहे, १९२७ चं, ४,७०० च्या वर नावं, आणि तिथे ती कोरलेली आहेत. इंडिया गेटवरच्या तेरा हजार नावांत मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि अफगाण युद्धात गेलेले लोक आहेत, त्यामुळे मेसोपोटेमियातला माणूस तिथे शोधत उन्हात मान मोडू नका. पुण्याची मंडळी खडकीच्या वॉर सिमेट्रीत जातात, ती जागा जाऊन बघण्यासारखी आहेच, पण तिथलं पहिल्या युद्धाचं स्मारक भारतात मरण पावलेल्यांचं आहे, बसऱ्याच्या माणसाचा तिथे संबंध नाही. खलाशी असेल तर मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधलं स्मारक, दोन हजारांच्या वर नावं, सीडब्ल्यूजीसीवर बॉम्बे १९१४-१९१८ मेमोरियल असं शोधा.

सगळं करूनही नाव नाही सापडलं तर घरातली गोष्ट खोटी असं समजू नका. कमिशननेच २०२१ ला स्वतःचा रिपोर्ट काढला, त्यात कबूल केलंय की मुख्यतः पूर्व आफ्रिकन आणि इजिप्शियन, पण फक्त तेच नाही, अशा कमीत कमी १,१६,००० आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांचं नावाने स्मारक झालंच नाही. रिपोर्ट त्यांच्याच साइटवर पीडीएफ आहे, भाषा सरकारी आहे पण वाचाच, स्मारकांवर कोणाचं नाव घालायचं हे कोण आणि कुठल्या ऑफिसात ठरवत होतं ते कळतं.

आता परत आलेल्यांचं. एका शिपायाची फाइल नेटवर मिळेल ही आशा सोडा. पैसे भरून वंशावळ दाखवणाऱ्या ज्या साइट आहेत त्यांच्यावर भारताचे रेकॉर्ड म्हणून जे असतं ते मुख्यतः भारतातल्या गोऱ्यांचं, सबस्क्रिप्शन घ्यायची घाई नको. २०२१ मध्ये लाहोर म्युझियममधल्या रजिस्टरांतून तीन लाखांवर सैनिकांची नावं निघाली ती बातमी अधूनमधून फॉरवर्ड होत असते, ती नावं फक्त पंजाबची आहेत, आपली त्यात नाहीत. आणि एआयला पणजोबांचा नंबर विचारलात तर तो इतका बिनधास्त ठोकून देतो की विचारू नका.

त्याऐवजी पलटणीचा माग काढा. प्रत्येक पलटण युद्धात रोजची डायरी लिहायची, वॉर डायरी, एका ठरलेल्या छापील फॉर्मवर, आर्मी फॉर्म सी २११८. डावीकडे जागा, तारीख, वेळ, मध्ये रुंद रकाना काय घडलं त्याचा, उजवीकडे शेरे. पेन्सिलीने घाईत लिहिलेलं, कधी टाइप केलेलं. त्यात गोऱ्या ऑफिसरचं नाव येतं आणि शिपायांचं "आय ओ आर ३ जखमी" एवढंच, आय ओ आर म्हणजे इंडियन अदर रँक्स. तरी सुद्धा पलटण अमक्या दिवशी कुठे होती, पाऊस होता का, रेशन आलं का, हे सगळं मिळतं, आणि घरात आजीने सांगितलेल्या अर्धवट गोष्टीला तारीख लागते. लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या डिस्कव्हरी कॅटलॉगमध्ये डब्ल्यू ओ ९५ ही मालिका शोधा. आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टल आहे, तिथे रजिस्टर करा आणि इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स डी असं टाका, मेसोपोटेमियाला गेलेल्या फौजेचं अक्षर डी, फ्रान्सला गेलेलीचं ए. पोर्टल कधी कधी रुसतं, सकाळी लवकर बघा.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती कतार डिजिटल लायब्ररी, आणि ती आपल्याकडे फार कोणाला माहीत नाही. लंडनच्या इंडिया ऑफिसचे, म्हणजे भारताचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश खात्याचे, आखाताशी संबंधित कागद त्यांनी स्कॅन करून ठेवलेत, शेजारी टाइप केलेला मजकूर, त्यामुळे पानाच्या आतला शब्द सुद्धा सर्च होतो. मेसोपोटेमियात डॉक्टर, बोटी, औषधं कशी कमी पडली याची चौकशी करणाऱ्या कमिशनचा १९१७ चा रिपोर्ट जरूर काढा. फ्रान्समधल्या शिपायांची पत्रं सेन्सॉर व्हायची, त्याचे साप्ताहिक अहवाल युरोपियाना या युरोपातल्या ग्रंथालयं-संग्रहालयांच्या साइटवर १९१४-१९१८ संग्रहात आहेत, इंग्रजी भाषांतरात. आर्काइव्ह डॉट ऑर्गवर जुन्या आर्मी लिस्ट आणि पलटणींचे इतिहास आहेत पण टायटल वाट्टेल तसं टाइप केलेलं असतं, म्हणून सर्च करताना पुस्तकाच्या आतला मजकूर शोधायचा ऑप्शन निवडा. ब्रिटिशकालीन भारतातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या फिबिस नावाच्या संस्थेचं विकी आहे, तिथे पलटणीच्या नावाचं पान उघडलं की यातल्या बऱ्याच पुस्तकांच्या लिंक आयत्या मिळतात. ऑस्ट्रेलियाच्या जुन्या पेपरांचा नेटवरचा संग्रह, ट्रोव्ह, फुकट आहे, तिथल्या १९१६ च्या पेपरांत कुतच्या बातम्या भरपूर, फक्त पेपरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, सेन्सॉर होता.

दुसऱ्या महायुद्धासाठी साइट हीच, पलटणीचं नाव पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, स्पेलिंग तेच एचवालं. हात बसवायला ओळखीचं नाव घ्या, नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, १० जुलै १९४४ ला इटलीत गेले. सीडब्ल्यूजीसीवर कॅसिनो मेमोरियल निघेल, लंडन गॅझेटच्या, म्हणजे ब्रिटिश राजपत्राच्या, साइटवर क्रॉस का दिला त्याचा मजकूर, आणि बातम्यांत इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ ला त्यांच्या नावाने उभारलेलं सूर्यघड्याळ. एका माणसाच्या तीन ठिकाणच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या की स्पेलिंगचा अंदाज बसतो. १९४७ नंतरच्या शहिदांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकाची वेबसाइट आहे, तिथे नावाने शोधता येतं.

गावच्या पाटीचा फोटो मात्र काढाच. भर दुपारी नको, सकाळी नाहीतर संध्याकाळी तिरपं ऊन पडतं तेव्हा खोल अक्षरं उठून दिसतात, पुसट असेल तर बाजूने मोबाइलची टॉर्च धरा. वर ऑइल पेंट मारला असेल तर खरवडायला जाऊ नका. गाव, तालुका, पाटी कुठल्या भिंतीवर आहे ते फोटोच्या नावातच लिहा. मग पाटीवरचा मेलेल्यांचा आकडा आणि तुमच्या एक्सेलमधली त्या गावची नावं समोरासमोर ठेवा. पाटीवर सात आणि यादीत चार असं आलं तर उरलेले तीन आजूबाजूच्या स्पेलिंगमध्ये लपलेत का ते बघा, तरी नाही आले तर मेडलचा फोटो, तबकडीचा फोटो, पेन्शनचा कागद असं जे हातात असेल ते जोडून सीडब्ल्यूजीसीला ऑनलाइन फॉर्म भरून कळवता येतं, पुरावा पटला तर ते नाव नव्याने घेतात. उत्तर यायला वेळ लागतो, रेफरन्स नंबर जपून ठेवा.