जुन्या जीपला अर्धा सूत टो-इन

खानापूरहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याकडं जीप चालवणाऱ्याला अलाइनमेंट बिघडल्याची लक्षणं सांगायला नकोत. पावसाळा सरला की स्टेअरिंग एका अंगाला ओढतं, चाळीसच्या पुढं खड्डा लागला की पुढची चाकं थरथरतात, टायरची एकच कड खाल्ली जाते. मग माणूस बेळगावात येतो, कॉम्प्युटरवाल्या दुकानात पैसे मोजतो, छापील कागद घेऊन घरी जातो आणि पुढच्या आठवड्यात गाडी परत तशीच.

दोष मशीनचा नाही, क्रमाचा आहे. माझी गाडी महिंद्रा एमएम ५४०. पुढं सलग ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना मिळून एकच आडवा दांडा, त्याला पाटे (लीफ स्प्रिंग). असल्या गाडीत नटानं फिरवून लावायचं असतं ते फक्त टो-इन, म्हणजे चाकं पुढच्या बाजूला एकमेकांकडं किती वळलेली आहेत ते. कॅम्बर, म्हणजे पुढून बघितल्यावर चाकाचा आत-बाहेर कल, ॲक्सलमध्येच घडवलेला असतो. कास्टर, म्हणजे चाक ज्या पिनेवर वळतं तिचा मागं झुकाव, पाट्याच्या बसणीवर ठरतो. कागदावर कॅम्बर लाल दिसला म्हणून कोणी "ॲक्सल तापवून वाकवून देतो की" म्हणाला, तर किल्ली घ्या आणि निघा. कॅम्बर खरंच चुकत असेल तर बेअरिंग गेलेलं असतं नाहीतर ॲक्सल वाकलेला असतो, आणि ते काम वेगळं.

आधी ढिलाई शोधा. दोन्ही टायर एकाच मापाचे, हवा सारखी. गाडी टू-व्हीलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. पुढचा ॲक्सल जॅकवर उचला, पण नुसत्या जॅकवर सोडू नका, खाली स्टँड नाहीतर जाड लाकडी ठोकळे द्या. चाक वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर गाडीत कोणाला तरी बसवून ब्रेक दाबायला सांगा. आमच्याकडं हे काम पुतण्याचं, आणि तो मोबाइल बघत बघत करतो. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर व्हील बेअरिंग ढिलं. तरीही राहिली तर किंग पिन, म्हणजे चाक जिच्यावर डावं-उजवं वळतं ती पिन. किंग पिनचं बेअरिंग टोपीखालचे शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) काढून घट्ट करतात. वरून काढाल तेवढेच खालूनही काढा, नाहीतर आतला शाफ्ट मध्यावर राहत नाही.

मग गाडी खाली घ्या, पुतण्याला स्टेअरिंग थोडं थोडं डावं-उजवं करायला लावा आणि तुम्ही खाली आडवे होऊन एकेका बॉल जॉइंटवर हात ठेवा. रॉड हलला पण चाकाचा आर्म हलला नाही, तर तो जॉइंट बदला. जुन्या गाड्यांत मधे बेल क्रँक, म्हणजे स्टेअरिंगची ओढ रॉडकडं वळवणारा आर्म असतो, त्याच्या बुशमध्ये बरीच ढिलाई लपते. पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट, पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या शॅकलचे बुश बघा. शेवटी पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत टेपनं दोन्ही बाजू मोजा. अंतरात ठळक फरक निघाला तर पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकलाय असं समजा. हे सगळं नीट होईपर्यंत टो-इनला हात लावण्यात अर्थ नाही, आज लावलेलं माप उद्या राहणारच नाही.

आता खरं काम. सपाट जमीन लागते. आमच्याकडं भाताचं सिमेंटचं खळं आहे, तेच वापरतो. चाक उचलून हातानं फिरवा आणि टायरच्या मधोमध खिळा स्थिर धरून गोल रेघ ओढा. रिम थोडी वाकडी असली तरी ही रेघ खरी पडते. चाकं खाली सोडा, स्टेअरिंग सरळ ठेवून गाडी हातानं दोन-तीन मीटर पुढं ढकला म्हणजे पाटे बसतात. मोजण्याआधी शेवटी उलटी ढकलू नका.

आता गवंड्याचा ओळंबा घ्या. टायरच्या अगदी पुढच्या टोकावर, म्हणजे हबच्या उंचीला, रेघेवर दोरा धरा आणि ओळंबा जिथं टेकेल तिथं खडूनं खूण करा. मागच्या टोकालाही तसंच. दुसऱ्या चाकालाही तसंच. गाडी बाजूला घेतली की खळ्यावर चार खुणा राहतात. पुढच्या दोन खुणांतलं अंतर मागच्या दोनपेक्षा जेवढं कमी, तेवढं टो-इन. मधे पाटे, डिफरेन्शियल आडवं येत नाही, म्हणून मला टेप आडवी ताणण्यापेक्षा हे बरं वाटतं. विलीज, म्हणजे महिंद्राची जीप जिच्यावरून आली ती मूळ अमेरिकी जीप. त्या घराण्याच्या जीपला ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे साधारण १.२ ते २.४ मिमी टो-इन सांगितलेलं आहे. सुतारी भाषेत अर्धा सूत धरा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). मारुती जिप्सी असेल तर माप वेगळं, २ ते ६ मिमी.

दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडच्या दोन्ही टोकांचे क्लॅम्प सैल करा. एक आटा सुलटा, एक उलटा असतो, त्यामुळं पाइप पान्यानं रॉड फिरवला की लांबी बदलते. रॉड ॲक्सलच्या मागं असेल तर लांब केल्यावर टो-इन वाढतं, पुढं असेल तर आखूड केल्यावर. आमच्या लाल चिखलात आटे गंजून बसतात, आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. प्रत्येक वेळी गाडी मागं नेऊन पुन्हा पुढं ढकला, मगच मोजा. क्लॅम्प आवळताना दोन्ही बॉल जॉइंट एकाच कलात मध्यावर आहेत ना, बघा. जॉइंट काढला असेल तर नवी स्प्लिट पिन घाला, जुनीच सरळ करून घालू नका.

स्टेअरिंगचं चाक तिरकं राहिलं तर ते उपटून दुसऱ्या दात्यावर बसवू नका. स्टेअरिंग बॉक्समध्ये सगळ्यात कमी ढिलाई मध्यावर असते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजा, निम्म्यावर आणा आणि चाकं सरळ येतील अशी, स्टेअरिंग बॉक्सकडून येणाऱ्या दांड्याची, म्हणजे ड्रॅग लिंकची लांबी लावा.

राहिला कास्टर, विलीजला ३ अंश. वळणानंतर स्टेअरिंग आपणहून परत येत नसेल तर तो कमी पडतोय. गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॅकल घालायचं वेड आपल्याकडच्या पोरांत फार आहे. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर त्यानं कास्टर घटतोच. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचरीसारखा शिम घालून तो भरून काढतात. ॲक्सल पाट्याच्या वर असेल तर शिमची जाड बाजू पुढं, खाली असेल तर मागं. ॲक्सलचं वरचं अंग मागं झुकायला हवं, एवढं लक्षात ठेवा. पण झुकवत जाल तसं डिफरेन्शियलचं तोंड खाली जातं आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) ताण येतो, म्हणून एक-दोन अंशांपलीकडं हाव नको.

चाचणी सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना घ्या. आपल्याकडं डाव्या अंगाला रस्ता उतरता असतो, गाडी हलकीशी डावीकडं गेली तर ते रस्त्याचं आहे. दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा झिजायला लागल्या तर टो-इन जास्त, आतल्या झिजल्या तर कमी. दोनशे-तीनशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट आणि क्लॅम्प पुन्हा आवळा, ग्रीस गन फिरवा.