आठवणीतला पावसाळी घाट जलरंगात रंगवताना

माळशेज घाटात पाहिलेला कडा घरी येऊन फोटोवरून रंगवायला घेतला की तो हमखास बुटका होतो. फोनची लेन्स बरंच रुंद दृश्य पकडते, त्यामुळे प्रत्यक्षात अंगावर येणारा कडा फोटोत मागे सरकून पट्टीएवढा उरतो. वर फोन आपणहून धुकं कापतो, सावल्या उजळतो आणि हिरवा भडक करतो. मग आपण मन लावून तो बिघडलेला फोटोच उतरवत बसतो.

म्हणून पहिलं चित्र फोटो न उघडता करावं. झाडाच्या फांद्या किती होत्या हे आपल्याला आठवत नाही. पण काय मोठं वाटलं, उजेड कुठून येत होता, हवा किती दाट होती हे पक्कं लक्षात असतं. जलरंगातल्या पावसाळी चित्राला बहुतेक तेवढंच लागतं.

रंगाला हात लावण्याआधी

दहा-पंधरा मिनिटं एका कागदावर लिहून काढा: कुठे उभे होतो, तोंड कोणत्या दिशेला होतं, वेळ कोणती, महिना कोणता, सगळ्यात उजळ काय होतं, सगळ्यात गडद काय होतं. ‘सुंदर’, ‘हिरवंगार’ असे शब्द इथे कुचकामी आहेत. तुलना लिहा: ‘मागचा डोंगर ढगापेक्षा जेमतेम गडद’, ‘रस्ता आभाळाइतकाच उजळ’, ‘कठड्यापलीकडे दरी दिसतच नव्हती’. अशा एका ओळीवरून रंग कालवता येतो, विशेषणावरून येत नाही.

दिशा आणि वेळ लिहिली की आठवणीतल्या चुका सापडतात. कोकणाकडे तोंड असलेले सह्याद्रीचे कडे सकाळी सावलीत असतात, त्यांच्यावर ऊन येतं ते दुपारनंतर. सकाळचं चित्र म्हणत असाल आणि कड्यावर सोनेरी ऊन आठवत असेल, तर दोन वेगळ्या वेळा मनात मिसळल्या आहेत. एक निवडा. आभाळ पूर्ण भरलेलं असेल तर ठळक सावल्या नसतातच, चित्रातली सगळी खोली हवेच्या दाटपणातून काढावी लागते.

मग ६ बाय ९ सेंटिमीटरचे तीन चौकोन आखा आणि ४बी पेन्सिलने फक्त तीन छटांत रचना करून पाहा: कोरा कागद, मधला करडा, गडद. एका चौकोनात कड्याला दोन तृतीयांश उंची द्या, दुसऱ्यात आभाळाला, तिसऱ्यात रस्त्याला. जो पाहून तुम्हाला ती जागा आठवते तोच घ्या. हे चौकोन टाळले तर चित्र नेमकं मध्यावर अडतं, कारण गडद कुठे थांबवायचं हे ठरलेलंच नसतं.

आठवणीतल्या रिकाम्या जागा जागेच्या ज्ञानाने भराव्यात. सह्याद्रीचे हे कडे बेसॉल्टचे आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून ते तयार झाले. त्यामुळे त्यांच्यात पायऱ्या दिसतात: उभी काळी भिंत, मग गवताची आडवी पट्टी, पुन्हा भिंत. धबधबाही या पायऱ्यांवर आपटत, तुटत उतरतो. माथे बऱ्याचदा सपाट असतात. हे ठाऊक असलं की ‘नेमका आकार आठवत नाही’ म्हणून अडायला होत नाही. पायऱ्या काढल्या तर तो सह्याद्री दिसतो. त्रिकोणी टोकांची रांग काढली तर तोच डोंगर हिमालयातला वाटू लागतो.

सामान

पैसे कागदावर खर्च करा. ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस्ड म्हणजे किंचित खरबरीत पोताचा कागद घ्या. पूर्ण शीटचा पाव भाग, म्हणजे साधारण २८ बाय ३८ सेंटिमीटर, पुरे. साध्या लगद्याचा कागद वरून पटकन सुकतो आणि धुक्याच्या मऊ कडा करायला वेळच देत नाही. त्यावर सराव करावा, पण धुकं जमलं नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नये.

ब्रश चार: दीड इंची फ्लॅट, १२ नंबरचा गोल, ६ नंबरचा गोल आणि बारीक रेषांसाठी रिगर. रंग सात: अल्ट्रामरीन, कोबाल्ट ब्लू, यलो ऑकर, गॅम्बोज (उबदार पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), लाइट रेड, अलिझारिन क्रिमझन. सॅप ग्रीन मुद्दाम वगळला आहे. तयार हिरवा हाताशी असला की तोच सगळीकडे लागतो आणि जवळचं झुडूप व लांबचा डोंगर एकाच अंतरावर येऊन बसतात. पाण्याची दोन भांडी, सुती फडकं आणि रंग तपासायला त्याच कागदाचा तुकडा जवळ ठेवा. जलरंग सुकल्यावर फिकट होतो, तेव्हा प्रत्येक छटा तुकड्यावर लावून, सुकवून पाहिल्याशिवाय चित्रावर नेऊ नका.

रंगाचा दाटपणा तीन शब्दांत लक्षात ठेवा: कोरा चहा, दूध, दही. आभाळ चहाइतकं पातळ, मधले डोंगर दुधासारखे, जवळचा खडक दह्याकडे झुकणारा.

धुकं आणि मागच्या रांगा

कागद फळीवर मास्किंग टेपने चारही बाजूंनी चिकटवा आणि फळीच्या वरच्या कडेखाली तीन-चार सेंटिमीटर जाडीचं पुस्तक ठेवा. उतार नसला तर पाणी जागोजाग साचतं. एचबी पेन्सिलने फक्त रांगांच्या वरच्या कडा, रस्ता आणि धबधब्याची जागा हलक्या हाताने आखा.

फ्लॅट ब्रशने वरचा दोन तृतीयांश कागद स्वच्छ पाण्याने दोनदा भिजवा. पहिलं पाणी कागद पितो, दुसरं वर राहतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून करडा करा. निळा थोडा जास्त असेल तर पावसाचा करडा मिळतो, सिएना जास्त झाला तर धुळीचा. वरून खाली येताना रंग कमी करत जा आणि जिथे धुकं सगळ्यात दाट होतं तिथे निव्वळ पाणी राहू द्या.

आता थांबा. पुढचं सगळं या थांबण्यावर आहे. कागद डोळ्यांच्या पातळीवर आणून तिरका पाहा. पाण्याचा आरसा दिसत असेल तर त्यात टाकलेला रंग वाहून जाईल. आरसा जाऊन नुसती रेशमी चकाकी उरली, की सगळ्यात मागची रांग काढायची वेळ झाली. तिची कड मऊ राहील, पण आकार टिकेल. चकाकी गेली तरी हाताची मागची बाजू टेकवल्यावर कागद गार लागत असेल, तर ब्रश खाली ठेवा. या अवस्थेत पाण्याचा थेंब जरी पडला तरी तो अर्धवट सुकलेला रंग बाहेर ढकलतो आणि दातेरी कडेचा डाग, म्हणजे बॅकरन, उमटतो. नवशिक्यांची सर्वाधिक आभाळं इथेच जातात. कागद गार लागेनासा झाला म्हणजे सुकला.

मागच्या रांगेला कोबाल्ट ब्लू आणि किंचित लाइट रेड. हा रंग आभाळाच्या करड्यावर उठेल तेव्हा जेमतेम एक पायरी गडद दिसायला हवा. तो पूर्ण सुकल्यावर दुसरी रांग: अल्ट्रामरीन, यलो ऑकर, थोडा सिएना. या दुसऱ्या रांगेपासून पुढे प्रत्येक रांगेची वरची कड स्पष्ट ठेवा आणि खालची कड ओलसर स्वच्छ ब्रशने ओढून शून्यावर आणा. धुकं दरीत साचतं, त्यामुळे डोंगराचा पाय हरवतो आणि माथा दिसतो. दोन्ही कडा स्पष्ट ठेवल्या की धुक्याऐवजी कापसाची पट्टी चिकटवल्यासारखं दिसतं. ब्रश ‘ओलसर’ म्हणजे फडक्यावर टेकवून निथळलेला. टपकता ब्रश इथे पुन्हा बॅकरन करतो.

पावसाळ्यात घरी रंगवत असाल तर दमट हवेत एक थर सुकायला बराच वेळ जातो. हेअर ड्रायर चालेल, पण पाण्याचा आरसा गेल्यावरच आणि हातभर लांबून. आधी लावला तर हवा रंगाला ढकलत नेते. कागदाचा गठ्ठाही या दिवसांत प्लास्टिकच्या बंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. ओल लागून कागदावरचं सायझिंग (रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेली खळ) बिघडलं की तो टीपकागदासारखा रंग शोषतो आणि ठिपके उमटतात. असा कागद दुरुस्त होत नाही.

कडा आणि धबधबा

कड्याला दोन थर पुरतात. पहिला थर दुधासारखा करडा-हिरवा, धबधब्याची जागा कोरी सोडून. तो सुकल्यावर अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा दाट काळा १२ नंबरच्या ब्रशवर घ्या, फडक्यावर निम्मा टिपा आणि ब्रश आडवा धरून वरून खाली झटक्यात ओढा. कागदाच्या खरबरीत पोतावर रंग तुटक बसतो आणि ओल्या खडकाच्या भेगा आपोआप दिसतात. गवताच्या आडव्या पट्ट्यांवर हा काळा जाऊ देऊ नका. तयार काळी ट्यूब वापरली तर कडा मेलेला दिसतो. या दोन रंगांच्या काळ्यात कुठे निळसर, कुठे तांबूस झाक राहते.

धबधबा म्हणजे न रंगवलेला कागद. रुंदी दोन-तीन मिलिमीटर, पण एकसारखी नको: पायरीवर आपटतो तिथे पसरट, मध्ये बारीक, खाली धुक्यात विरलेला. मास्किंग फ्लुइड, म्हणजे जागा कोरी राखायला आधी लावून नंतर सोलून काढायचा रबरी द्रव, आम्ही सुचवत नाही. त्याने दोन्ही कडा तारेसारख्या तीक्ष्ण होतात आणि पाणी लोंबणाऱ्या दोरीसारखं दिसतं. जागा सोडायला विसरलात, तर रंग रेशमी चकाकीवर असताना जुन्या एटीएम कार्डाच्या कोपऱ्याने एकदाच खरवडा. पांढऱ्या रंगाची रेघ शेवटचा उपाय. ती कागदाच्या पांढऱ्याशेजारी खडूसारखी उठून दिसते.

जवळचा हिरवा, रस्ता, माणसं

पावसाळ्यातला हिरवा आठवणीत वाढतच जातो. दोन महिन्यांनी आठवलेला हिरवा प्रत्यक्षापेक्षा बराच भडक असतो. उतारावरच्या झाडीसाठी गॅम्बोज आणि अल्ट्रामरीन, त्यात हिरव्याचा तोरा उतरेपर्यंत बर्न्ट सिएना. भडक हिरवा एकाच ठिकाणी ठेवा, जवळच्या गवतावर किंवा भाताच्या खाचरावर, आणि तिथे गॅम्बोज जास्त घ्या. बाकी सगळा हिरवा त्याच्यापेक्षा दबलेला असला तरच तो एक तुकडा ओला, ताजा दिसतो.

ओला डांबरी रस्ता काळा रंगवण्याची चूक फार होते. ओला रस्ता आभाळ परावर्तित करतो, म्हणून जमिनीवरची ती सगळ्यात उजळ जागा असते. आभाळाच्याच पातळ करड्याने भरा, ओला असतानाच कठड्याची आणि माणसांची प्रतिबिंबं सरळ खाली ओढा.

रस्ता सपाट असेल आणि तुम्ही उभे असाल, तर साधारण तुमच्याच उंचीच्या सगळ्या माणसांची डोकी जवळपास एकाच आडव्या रेषेवर येतात. लांबच्या माणसाचे फक्त पाय वर सरकतात. रस्ता उताराचा असेल तर खाली गेलेल्यांची डोकी त्या रेषेखाली जातात. कड्याच्या पायाशी एक छत्रीवाला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा ठेवला की कडा केवढा आहे ते सांगावं लागत नाही.

कणसांची टपरी, माकडं, लाल एसटी, दोन धबधबे, सगळं आठवतं म्हणून सगळं घेऊ नका. एसटी आणि टपरीला दुसरा कागद द्या. आणि एखादा भाग अजिबात आठवत नसेल तर तो ओल्या कडेचा, पुसटच राहू द्या. कल्पनेने घातलेल्या फांद्या आणि दगड लगेच ओळखू येतात.

चित्र मळकट झालं तर कारण बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं: एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग, किंवा अर्धवट सुकलेल्या थरावर पुन्हा ब्रश. पूर्ण सुकू द्या, स्वच्छ पाण्याने तेवढा भाग भिजवून फडक्याने टिपा. तरीही नाही सुधारलं तर त्याच छोट्या चौकोनावरून नवा कागद घ्या. दुसरं चित्र पहिल्याच्या निम्म्या वेळात होतं आणि सहसा मोकळं होतं. फोटो आता उघडा, पण एखाद्या शंकेसाठीच: कठड्याचा आकार, वळणाची दिशा.

जागा उन्हाळ्यातली असेल तर हिशेब उलटा. वाईचा कृष्णेवरचा घाट मेच्या दुपारी आठवा. त्या दिवसांत सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे दगडी पायरीचा आडवा पृष्ठ कोरा कागद आणि उभा भाग सावलीत. सावलीला कोबाल्ट ब्लू आणि लाइट रेड, कड तीक्ष्ण, कागद कोरडा. कोरड्या उन्हाळी हवेत वॉश, म्हणजे रंगाचा पातळ सलग थर, मध्येच सुकतो, तेव्हा रंग लागेल त्याच्या दुप्पट आधी कालवून ठेवा.

पुढच्या वेळी जागेवर

आठवण सरावाने पक्की होते. चित्रकार व्हिसलर थेम्स नदीकाठच्या रात्री अशाच रंगवायचा: दृश्य पाहायचं, मग त्याच्याकडे पाठ करून सोबतच्याला ते सांगायचं. सोबती चुका दाखवायचा, की पुन्हा पाहायचं. घाटात गाडी थांबली की फोन खिशात ठेवून दोन मिनिटं नुसतं बघा. मग पाठ फिरवा आणि घरच्या कुणाला तरी पाच गोष्टी सांगा: सगळ्यात उजळ काय, सगळ्यात गडद काय, कुठली कड हरवली, उजेड कुठून, कड्याने किती आभाळ झाकलं. ज्या गोष्टीवर अडाल तेवढीच वळून पुन्हा बघा, आणि गाडीत बसल्या बसल्या तिकिटाच्या मागे का होईना, पेन्सिलने टिपून ठेवा.