नाव खोडलं तरी बाई ओळखू आली

पहिल्याच बैठकीला मी मोठ्या ऐटीत तक्ता घेऊन गेले होते. कौटुंबिक हिंसाचारावर काम करणाऱ्या तीन संस्थांच्या नोंदी एकत्र केलेल्या. नावं, पत्ते, फोन सगळं काढून टाकलेलं. पडद्यावर एक ओळ आली: काणकोण, वय ३४, नवरा तारवटी (म्हणजे जहाजावर कामाला), जुळ्या मुली, स्वतः अंगणवाडीत. (तपशील इथे बदललेत, अर्थातच.) समोरच्या समुपदेशक ताई चष्मा सावरत म्हणाल्या, "अगे, ही आमच्या वाड्यावयली न्हय!" म्हणजे, ही तर आमच्या वाड्यावरचीच की! मी घाईघाईने लॅपटॉप मिटला. पण सहाजणींचं वाचून झालं होतं.

गोव्यात तालुके १२, आणि २०११च्या जनगणनेत सगळ्या राज्याची वस्ती साडेचौदा लाखांच्या आसपास. इथे दोन अनोळखी माणसं भेटली की 'खंयचो तूं?' (कुठला तू?) इथपासून तिसऱ्या वाक्याला नातं निघतं. त्यामुळे या कामात नव्याने येणाऱ्यांनी 'नाव काढलं की झालं' हे डोक्यातून काढावं. आम्ही आता तालुक्याऐवजी उत्तर किंवा दक्षिण एवढंच लिहितो, वय दहा-दहा वर्षांच्या गटात. पाचाहून कमी आकडा असेल तर रकाना कोरा. यातही एक गोम आहे: खाली बेरीज छापली की कोरा आकडा वजाबाकीने कुणालाही काढता येतो. म्हणून त्याच ओळीतला आणखी एक रकाना झाकावा लागतो. हे मला एका निवृत्त सांख्यिकी अधिकाऱ्याने चहाच्या बिलामागे पेन्सिलने मांडून दाखवलं.

मग नोंदी एकत्र करायच्याच कशाला? कारण एकच बाई आधी समुपदेशनाला जाते, मग वकिलाकडे, मग निवाऱ्यात, आणि तीन अहवालांत तिच्या तीन बायका होतात. त्यात एकीकडे नाव माहेरचं, दुसरीकडे सासरचं, तिसरीकडे रोमी लिपीत. सुरुवातीला आम्ही फोन नंबरांचे संगणकावर सांकेतिक कोड करून घेतले आणि खूश झालो. पण नंबर दहाच आकडी. शक्य तेवढे सगळे नंबर त्याच पद्धतीतून फिरवले की कोड उलगडतो. आता त्यात एक गुप्त किल्ली मिसळतो, आणि ती संशोधकाकडे, म्हणजे माझ्याकडे, नसते. तरी फोन बदललेल्या बायका दोनदा मोजल्या जातातच.

संमतीचं सांगते. रात्री नेसत्या वस्त्रानिशी आलेली बाई तुम्ही पुढे कराल त्या कागदावर सही करते. ती संमती नव्हे. मदतीचा कागद वेगळा, संशोधनाचा वेगळा. हा दुसरा दोन-तीन भेटींनंतर काढायचा, आणि तिने 'नको' म्हटलं तरी मदत तशीच चालू. फोन कधी करायचा, नवऱ्याने उचलला तर कोण म्हणून सांगायचं, हे तिलाच विचारून लिहायचं. आणि व्हॉट्सॲपवर एक्सेल पाठवायची नाही, कितीही घाई असो.

आकड्यांचा मोह आवरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ (२०१९-२१) मध्ये गोव्यातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित (किंवा पूर्वी विवाहित) बायकांपैकी ८.३ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशाचा आकडा २९.३. पत्रकार विचारतात, तुमच्या नोंदी काय म्हणतात? काहीच म्हणत नाहीत. पाहणी घरात जाऊन विचारते; आमच्याकडे येते ती उंबरा ओलांडलेली बाई. दोन्ही आकडे शेजारी मांडले की चूक होते, आणि मी ती एकदा अहवालाच्या मसुद्यात केलीही होती.

काणकोणच्या त्या बाईला आम्ही केंद्रात बोलावून घडलं ते सांगितलं. ताईंनी बजावलं होतं, सारवासारव करू नको. तिने आपली ओळ दोनदा वाचली. चिडेल असं वाटलं होतं. म्हणाली, "माझं राहू दे. मुलींचं तेवढं काढा."